संगणकाच्या कोठाराचा धर्मकांटा

कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे घाटंजीच्या बाजाराकडे येणाऱ्या वाटा पांढऱ्या दिसूं लागतात. शेतकरी वर्षभर घाम गाळून पिकविलेला माल गाडींत भरून आणतो, आणि त्याच्या साऱ्या श्रमाचें मोल शेवटीं एका यंत्रावर येऊन ठरतें. तें यंत्र म्हणजे कांटा. भरलेली गाडी प्रथम कांट्यावर चढते. माल उतरल्यावर तीच गाडी रिकामी पुन्हां चढते. आणि दोहोंच्या वजनांत जें अंतर पडतें, तेंच मालाचें खरें वजन धरलें जातें. कांट्यांत खोट असेल, किंवा रिकाम्या गाडीचें वजन करावयाचें राहून गेलें असेल, तर तोटा कोणाला तरी होतोच, व बहुधा तो दुबळ्याच्याच पदरीं येतो. म्हणूनच आपल्याकडील लोकांनीं मोठ्या वजनकांट्याला 'धर्मकांटा' असें अन्वर्थक नांव दिलें आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय कापूस नव्हे. परंतु धर्मकांट्याची ही कल्पना वाचकांनीं मनांत धरून ठेवावी, अशी विनंति आहे. संगणकांत माहिती सांठविण्याकरितां जें नवें साधन आज घरोघरीं आलें आहे, त्याला सॉलिड स्टेट ड्राइव्ह, किंवा थोडक्यांत एसएसडी, असें म्हणतात. त्याच्या खोक्यावर वेगाचे मोठमोठे आंकडे छापलेले असतात. ते आंकडे खरे आहेत काय, आणि खरे असले तर कोणत्या अर्थानें खरे आहेत, हें पारखण्याचें साधन कोणतें, व त्या साधनाला जोडावयाचा 'प्लगइन' नांवाचा लहानसा भाग कसा बांधतात व कसा वापरतात, हें सांगण्याचा येथें विचार आहे. विषय थोडा रूक्ष आहे खरा. तथापि ज्या पालकांना पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठीं संगणक घ्यावा लागतो, त्यांच्या दृष्टीनें तो नुसता विद्वत्तेचा नसून हिताचा आहे.

कोठाराचें अंतरंग

मोजावयाच्या वस्तूचा स्वभाव ठाऊक नसेल तर मोजणी फसते, म्हणून प्रथम एसएसडीचा स्वभाव पाहूं. १९५६ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें फिरत्या तबकड्यांचें पहिलें कोठार विक्रीस आणलें. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढा मोठा डोलारा मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें सांठवीत असे. पुढें तबकड्या लहान होत गेल्या, पण तत्त्व तेंच राहिलें. तबकडी फिरते, तिच्यावरून एक सुई सरकते, व हवी ती जागा सुईखालीं येईपर्यंत वाट पाहावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. अर्थात् सरासरीनें अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सुमारें ४.१७ मिलिसेकंदांची, खोटी होते. सुई सरकण्याचा वेळ आणखी निराळाच.

एसएसडींत फिरणारा भाग मुळींच नाहीं. तिच्या मुळाशीं जी युक्ति आहे ती १९६७ सालीं बेल प्रयोगशाळेंतील दावोन काँग व सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनीं मांडली. चोहोंकडून विद्युत्‌रोधक आवरण असलेल्या एका सूक्ष्म पत्र्यावर विजेचे कण कोंडून ठेवले, तर वीजप्रवाह बंद झाल्यावरही ते तेथेंच राहतात. कण आहेत कीं नाहींत यावरून एक कीं शून्य हें ओळखतां येतें. या युक्तीच्या आधारें जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं 'फ्लॅश' स्मृति शोधून काढली व १९८४ सालीं ती जगापुढें मांडली. तिचा 'नॅन्ड' हा प्रकार, जो आजच्या एसएसडींत वापरतात, १९८७ सालचा आहे. छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखकन् प्रकाश पडावा त्याप्रमाणें एका क्षणांत मोठा भाग पुसला जातो, म्हणून एका सहकाऱ्यानें हें नांव सुचविलें, असें सांगतात. १९९१ सालीं सनडिस्क कंपनीनें वीस मेगाबाइटांची एसएसडी बाजारांत आणली. पुढें सॅनडिस्क या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे होत.

आतां या स्मृतीचा एक चमत्कारिक स्वभाव लक्षांत घ्यावयाचा आहे. एखाद्या वर्गांत शंभर पाट्या आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक पाटीवर एकेक ओळ लिहितां येते. पण पुसावयाचें झाल्यास एक ओळ पुसतां येत नाहीं, सबंध पाटीच पुसावी लागते. एक ओळ बदलावयाची असेल तर नवी ओळ दुसऱ्या पाटीवर लिहावयाची व जुनी ओळ रद्द समजावयाची. कालांतरानें साऱ्या पाट्या अर्ध्या रद्द व अर्ध्या कामाच्या अशा ओळींनीं भरून जातात. मग कामाच्या ओळी वेंचून दुसरीकडे उतरवून घेणें व मोकळी झालेली पाटी पुसणें, असा उद्योग एसएसडीच्या अंगच्या नियंत्रकाला पाठीमागें सतत करावा लागतो. याचा परिणाम असा कीं, नवी कोरी एसएसडी वेगानें लिहिते, आणि भरलेली, वापरलेली एसएसडी सावकाश लिहिते. शिवाय पुष्कळ एसएसडींत थोडासा भाग विशेष वेगवान म्हणून राखून ठेवलेला असतो. तो भरेपर्यंत वेग डोळे दिपविणारा, आणि भरला कीं मंद. गाडीच्या वरच्या थरांत कोरडा शुभ्र कापूस व खालीं ओला, असला हा प्रकार आहे. वरची मूठभर काढून पारख करणारा व्यापारी जसा फसतो, तसाच पांच सेकंदांची परीक्षा घेणारा परीक्षक फसतो.

मोजावयाचें काय?

'वेग' हा शब्द एकच असला तरी एसएसडीच्या बाबतींत त्याचे तीन निरनिराळे अर्थ होतात. पहिला, एका सेकंदांत एकंदर किती माल वाहून नेला. हा मेगाबाइटांत सांगतात. दुसरा, एका सेकंदांत किती खेपा झाल्या. तिसरा, एका खेपेला किती वेळ लागला. हा मायक्रोसेकंदांत सांगतात, व एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालक्षांश होय. मोठीं चलच्चित्रें उतरवून घेणाऱ्याला पहिला आंकडा महत्त्वाचा. परंतु संगणक सुरू होतांना किंवा शाळेच्या कचेरींतील नोंदी शोधतांना हजारों बारीक बारीक खेपा होतात, तेथें दुसरा व तिसरा आंकडाच उपयोगीं पडतो. चार किलोबाइटांची एक खेप धरली, आणि सेकंदाला एक लक्ष खेपा झाल्या, तर एकंदर माल सुमारें ४१० मेगाबाइट होतो. खोक्यावर जेथें काही हजार मेगाबाइट छापलेले असतात, तेथें ते बहुधा मोठ्या सलग मालाचे असतात, बारीक खेपांचे नसतात. हें खरेदीच्या वेळीं स्मरणांत असावें.

या तीन आंकड्यांचा परस्परसंबंधही मनोरम आहे. बाजाराच्या फाटकांतून मिनिटाला दोन गाड्या आंत सुटत असतील आणि प्रत्येक गाडी आंत दहा मिनिटें राहत असेल, तर कोणत्याही क्षणीं बाजारांत वीस गाड्या असणार, हें लहान मुलालाही कळेल. जॉन लिटल या अमेरिकन पंडितानें १९६१ सालीं याच साध्या गोष्टीची काटेकोर सिद्धता दिली. एसएसडीला हाच नियम लागू आहे. एकाच वेळीं ३२ खेपा मार्गांत असतील व प्रत्येक खेपेला १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ३,२०,००० खेपा झाल्या पाहिजेत. एखाद्या परीक्षेचे आंकडे या नियमांत बसत नसतील, तर तेथें कांहींतरी खोट आहे असें निःशंक समजावें.

सरासरीचा मोहही आवरावा लागतो. शंभर खेपांपैकीं नव्याण्णवांना प्रत्येकीं १०० मायक्रोसेकंद लागले आणि शंभराव्या खेपेला १०,००० लागले, तर सरासरी १९९ येते. हा आंकडा दिसावयास गोंडस आहे. पण १९९ मायक्रोसेकंद लागलेली खेप त्या शंभरांत एकही नाहीं! नदीचें पाणी सरासरीनें गुडघाभर आहे एवढ्यावर विसंबून कोणी वाघाडी ओलांडूं जात नाहीं. डोह कोठें आहे हें आधीं विचारतो. त्याचप्रमाणें शंभरांतील नव्याण्णवावी व हजारांतील नऊशें नव्याण्णवावी खेप किती मंद होती, हें निराळें विचारावें लागतें.

कसोटीचें महत्त्व

अशा कसोट्यांना केवळ दुकानदारीचें महत्त्व आहे असें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत निर्यातीच्या निर्बंधांमुळें आपल्या देशास परदेशी महासंगणक मिळण्यांत अडचणी येऊं लागल्या, तेव्हां १९८८ सालीं पुणें येथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे सूत्रधार डॉ. विजय भटकर हे आपल्याच वऱ्हाडांतले. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत १९४६ सालीं त्यांचा जन्म झाला व अभियांत्रिकीचें पहिलें शिक्षण नागपुरास झालें. त्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. तत्पूर्वीं १९९० सालीं झुरिक येथील प्रदर्शनांत त्याच्या नमुन्याची कसोटी जगापुढें घेण्यांत आली होती. आमचें यंत्र चांगलें आहे असें आपल्या तोंडानें सांगून कोणी मान्य करीत नाहीं. सर्वांस मान्य अशा मापानें तें दाखवावें लागतें. खेड्यांतून आलेल्या मुलानें जगाच्या कांट्यावर उभें राहण्यास भिऊं नये, हाही बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

मोजणारा व वाहणारा

एसएसडीची कसोटी घेण्याकरितां जगभर जें साधन वापरतात त्याचें नांव 'फिओ'. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालींत माहिती सांठविण्याचा जो विभाग आहे, तो सांभाळणारे डेन्मार्कचे येन्स आक्सबो हे त्याचे कर्ते. प्रत्येक परीक्षेसाठीं नवा कार्यक्रम लिहीत बसण्याचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनीं एकच असें साधन लिहिलें कीं, ज्याला काय करावयाचें तें एका चिठ्ठीवर लिहून द्यावें आणि त्यानें तसें करावें. तें कोणासही विनामूल्य मिळतें, व त्याचा मूळ मजकूर वाचावयास खुला आहे.

फिओची रचना समजण्यास बाजाराचेंच उदाहरण घेऊं. बाजारांत मापारी निराळा असतो व हमाल निराळा. मापारी किती पोतीं, कोणत्या क्रमानें, केव्हां न्यावयाचीं हें सांगतो, वेळेची नोंद ठेवतो व हिशेब करतो. हमाल पोतें उचलतो व ठरलेल्या वाटेनें नेऊन ठेवतो. फिओ हा मापारी आहे. हमालाचें काम करणाऱ्या भागाला त्याच्या भाषेंत 'आय-ओ इंजिन' म्हणतात. माल नेण्याच्या वाटा पुष्कळ असल्यामुळें इंजिनेंही पुष्कळ आहेत; आणि एखादी अगदीं नवी वाट असेल, तर तिच्यासाठीं बाहेरून नवें इंजिन आणून जोडण्याची सोय कर्त्यानें ठेविली आहे. असें बाहेरून जोडलेलें इंजिन म्हणजेच प्लगइन.

या रचनेंतील शहाणपण विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. जो वाहतो तो मोजीत नाहीं, आणि जो मोजतो तो वाहत नाहीं. वाट बदलली तरी माप तेंच राहतें, म्हणून दोन वाटांची तुलना न्याय्य होते. हमालालाच कांट्यावर बसविलें, तर त्याच्या हिशेबावर विश्वास कोण ठेवील?

प्लगइन कसा बांधावा

प्लगइन सी भाषेंत लिहितात. फिओच्या मूळ मजकुराबरोबर नमुन्यादाखल एक रिकामा सांगाडा दिलेला असतो. त्याची प्रत करून घेऊन आरंभ करावा. त्यांत एक पत्रक भरावयाचें असतें. इंजिनाचें नांव काय, तें फिओच्या कोणत्या आवृत्तीच्या करारानुसार लिहिलें आहे, आणि कोणकोणतीं कामें तें करूं शकतें, हें त्या पत्रकांत नमूद असतें. करारांतील आवृत्तीचा आंकडा जुळला नाहीं तर फिओ तें इंजिन स्वीकारीतच नाहीं; म्हणून ज्या आवृत्तीचा फिओ चालवावयाचा, त्याच आवृत्तीच्या मजकुराशीं जुळवून प्लगइन बांधावा.

कामांची वांटणी अशी आहे. आरंभीं सिद्धता करणें व अखेर आवरून ठेवणें हीं दोन कामें. फाइल उघडणें व मिटणें हीं दोन. आणि मुख्य काम 'क्यू', म्हणजे एक खेप स्वीकारणें. फिओ प्रत्येक खेपेबरोबर एक चिठ्ठी देतो. वाचावयाचें कीं लिहावयाचें, कोणत्या जागेपासून, किती लांबीचें, आणि माल कोठें ठेवला आहे, हें तीवर लिहिलेलें असतें. इंजिनानें काम करून तीनपैकीं एक उत्तर द्यावयाचें असतें: 'काम झालें', 'काम हातीं घेतलें आहे, पुरें व्हावयाचें आहे', अथवा 'सध्यां हात मोकळे नाहींत'. एका वेळीं एकच पोतें उचलणाऱ्या साध्या इंजिनाला पहिलें उत्तर पुरतें. एकाच वेळीं अनेक खेपा चालविणाऱ्या इंजिनाला दुसरें उत्तर द्यावें लागतें, व मग कोणत्या खेपा पुऱ्या झाल्या हें मागाहून कळविण्याचें आणखी एक काम लिहावें लागतें.

सर्व लिहून झाल्यावर संकलकाकरवीं त्याची एक स्वतंत्र, पण दुसऱ्या कार्यक्रमाला ऐन वेळीं जोडतां येईल अशी फाइल तयार करतात. आणि परीक्षेच्या चिठ्ठींत 'इंजिन बाहेरचें आहे' असें लिहून त्या फाइलीचा पत्ता देतात. फिओ ती उघडतो, पत्रक वाचतो, आणि काम सुरू होतें. हुशार विद्यार्थ्याला सी भाषेचा परिचय असेल तर साधें इंजिन शंभर सवाशें ओळींत लिहितां येतें.

लिहिणें सोपें, पण तें प्रामाणिक ठेवणें कठीण. 'काम झालें' हें उत्तर खरोखर काम होण्यापूर्वींच दिलें, तर वेग अचाट दिसेल, आणि तो धादांत खोटा असेल. चार किलोबाइट मागितले असतां दोनच आले, तर उरलेल्याची नोंद चिठ्ठीवर केली पाहिजे. चूक झाली तर चुकीचा आंकडा कळविला पाहिजे. म्हणून नव्या प्लगइनची परीक्षा चार प्रकारें घ्यावी. पहिली, रिकाम्या गाडीची: फिओमध्यें 'नल' नांवाचें एक इंजिन आहे, तें कांहींच वाहत नाहीं, तें चालविलें म्हणजे मोजणाऱ्याचाच खर्च किती हें कळतें. एसएसडीचा आंकडा या रिकाम्या आंकड्याच्या जवळ जाऊं लागला, तर आपण एसएसडी मोजीत नसून मापाऱ्याची दमछाक मोजीत आहों असें समजावें. दुसरी, सचोटीची: जें लिहिलें तेंच परत वाचलें जातें काय, हें खुणेचे आंकडे घालून पडताळण्याची सोय फिओंत आहे. तिसरी, तुलनेची: त्याच जागीं फिओचें जुनें, मान्य इंजिन चालवून दोन्ही उत्तरें ताडून पाहावीं. चौथी, दमाची: परीक्षा पुष्कळ वेळ चालू ठेवून आंकडे स्थिर राहतात कीं ढळतात हें पाहावें.

राजमार्ग सोडून आडवाट

मग नव्या वाटेचें प्रयोजन काय, असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर एका प्रसिद्ध प्लगइनच्या उदाहरणानें देतां येतें. २०११ सालीं एनव्हीएमई नांवाचा करार प्रसिद्ध झाला. त्यापूर्वींच्या प्रचलित पद्धतींत एसएसडीपुढें एकच रांग व तींत ३२ खेपा असत. नव्या करारांत सुमारें ६४ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेंत तितक्याच खेपांची मुभा आहे. कोठार इतकें चपळ झालें कीं, संगणकप्रणालीच्या आंतील कागदपत्र फिरण्यास लागणारा वेळच ठळक दिसूं लागला. म्हणून इंटेल कंपनीनें एसपीडीके नांवाचा संच तयार करून २०१५ सालीं सर्वांस खुला केला. त्यांत प्रणालीच्या मध्यवर्ती भागाला वळसा घालून कार्यक्रम थेट एसएसडीशीं बोलतो.

त्यांत आणखी एक फरक आहे. नेहमींच्या रीतींत खेप पुरी झाली कीं एसएसडी संगणकाला हांक मारते. स्थानकावर झोंपलेल्या प्रवाशाला, बस आली कीं कोणीतरी उठवावें, तसें हें आहे. झोंप मिळते, पण उठून सावरण्यांत वेळ जातो. एसपीडीकेच्या रीतींत प्रवासी झोंपतच नाहीं. रस्त्याकडे सारखा टक लावून बसतो. बस येतांच तो चढतो, परंतु दुसरें कोणतेंही काम त्याच्याकडून होत नाहीं. म्हणजे वेग मिळतो, त्याची किंमत प्रक्रियकाच्या श्रमांत मोजावी लागते. ही वाट खरोखर किती जवळची आहे हें पाहण्यासाठीं एसपीडीकेबरोबर फिओचा प्लगइन दिलेला असतो. मापारी तोच, हमाल मात्र नवा. त्यामुळें जुन्या व नव्या वाटेची तुलना एकाच कांट्यावर होते. तो वापरतांना फाइलीच्या नांवाऐवजीं एसएसडीचा यंत्रांतील पत्ता द्यावा लागतो, आणि ती एसएसडी आधीं प्रणालीच्या ताब्यांतून सोडवून घ्यावी लागते. यावरून उघड आहे कीं, ज्या एसएसडीवर संगणक चालतो आहे तिच्यावर हा प्रयोग कदापि करूं नये. त्यासाठीं निराळी, रिकामी एसएसडी असावी.

मोजणीचे नियम

साध्या परीक्षेसाठीं मात्र इतका खटाटोप नको. पुढील नियम पाळले तरी पुरे. एक: 'डायरेक्ट' हा पर्याय चालू ठेवावा, नाहींतर संगणक आपल्या तात्पुरत्या स्मृतींतूनच उत्तर देतो, आणि कोठाराऐवजीं ओसरीवरचा माल मोजला जातो. दोन: वाचण्याची परीक्षा घेण्यापूर्वीं ती जागा प्रत्यक्ष लिहून भरावी, कारण कधींच न लिहिलेली जागा वाचावयास सांगितली, तर एसएसडीचा नियंत्रक आंत न पाहतांच शून्यें परत देऊं शकतो, व तो वेग आभासाचा असतो. तीन: लिहावयाचा मजकूर विविध असावा, एकच अक्षर पुनःपुन्हां लिहिल्यास कांहीं नियंत्रक तें दाबून लहान करतात. चार: स्थिर अवस्था येईपर्यंत थांबावें. एसएनआयए या संस्थेच्या ठरलेल्या पद्धतींत एसएसडी प्रथम पूर्ण पुसतात, मग तिच्या क्षमतेच्या दुप्पट माल लिहितात, आणि नंतर लागोपाठ पांच फेऱ्यांतील आंकड्यांची तफावत सरासरीच्या वीस टक्क्यांच्या आंत, व चढउताराचा कल दहा टक्क्यांच्या आंत आल्यावरच अवस्था स्थिर मानतात. पांच: खोलीचें उष्णतामान नोंदवावें. पुष्कळशा एनव्हीएमई एसएसडी सुमारें ७० ते ८० अंशांवर तापल्या कीं आपण होऊन मंद होतात. आपल्याकडील वैशाखाचें ऊन पाहतां हा नियम वऱ्हाडांत तरी कोणी विसरूं नये. सहा, व सर्वांत महत्त्वाचा: लिहिण्याची परीक्षा पूर्वींचा मजकूर नष्ट करूं शकते. म्हणून ती एखाद्या निराळ्या फाइलीवरच घ्यावी, व तत्पूर्वीं आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवावी.

पालकांस दोन शब्द

आतां या साऱ्याचा संसारांत उपयोग काय, तें सांगतों. पहिली गोष्ट, जुना संगणक मंद झाला म्हणून तो टाकून देण्याची घाई करूं नये. त्यांतील फिरती तबकडी काढून तेथें साधी एसएसडी बसविल्यास तो पुष्कळदां नव्या उमेदीनें काम करूं लागतो. अशा संगणकांत बहुधा साटा पद्धतीची जोडणी असते, आणि तिची मर्यादाच सेकंदाला सुमारें ६०० मेगाबाइट असते. त्यामुळें हजारों मेगाबाइटांचा गाजावाजा करणारी महाग एसएसडी तेथें बसणारही नाहीं व तिचा उपयोगही नाहीं. वाट अरुंद असतां घोडा कितीही तेज घेतला तरी काय लाभ?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बाजारांत कांहीं पेनड्राइव्ह व स्मृतिपत्रें अशीं मिळतात कीं, त्यांवर छापलेली क्षमता मोठी आणि आंतील खरी क्षमता थोडी असते. त्यांचा नियंत्रकच संगणकाला खोटें सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. त्यानंतर लिहिलेला मजकूर 'लिहिला' असें उत्तर मिळतें, पण तो कोठेंच राहत नाहीं, किंवा जुन्या मजकुरावर बसून त्याचा नाश करतो. मुलीच्या विवाहाचीं छायाचित्रें, शेताचे उतारे, मुलाचीं प्रमाणपत्रें अशा साधनावर ठेवून पुढें एके दिवशीं तीं उघडूं गेलें असतां हातीं कांहींच येत नाहीं. वेगाची फसवणूक पैशाची हानि करते. ही फसवणूक जें पुन्हां मिळवितां येत नाहीं त्याचीच हानि करते. उपाय मात्र सोपा आहे. नवें साधन घरीं आणल्यावर, त्यांत कांहीं ठेवण्यापूर्वीं, तें एकदां कांठोकांठ भरावें आणि सर्व परत वाचून ताडून पाहावें. फिओच्या पडताळणीनें हें होतें; आणि 'एफथ्री' नांवाचें एक विनामूल्य साधन याच कामासाठीं लिहिलेलें आहे. काम कांहीं तासांचें असतें, पण रात्रीं लावून ठेवलें तर सकाळीं निकाल हातीं येतो. माल खोटा ठरला तर दुकानदाराकडे परत नेण्यास तोच लेखी पुरावा होतो.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्रांत काय किंवा आपल्या संतांच्या वाणींत काय, खोट्या वजनमापाचा निषेध ठिकठिकाणीं आढळतो. त्या काळीं माप लाकडाचें वा लोखंडाचें होतें. आज तें सी भाषेच्या शंभर ओळींचेंही असूं शकतें. त्या ओळी लिहिणारा उद्यां तुमच्यांपैकींच कोणी असेल. त्यानें हमालाचें काम चोख करावें, झालें तेवढेंच 'झालें' म्हणून सांगावें, व न झालेलें लपवूं नये. ज्यांना अद्यापि सी भाषा येत नाहीं त्यांनीं निदान एवढें करावें: या सुटींत घरांतील एखादा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, त्यांतील मजकुराची प्रत दुसरीकडे उतरवून ठेवावी, मग तो भरून व वाचून पारखावा, आणि खोक्यावरील आंकडा व आपणांस मिळालेला आंकडा वहींत शेजारीं शेजारीं लिहून वडिलांना दाखवावा.